पुस्तक सुचवण्याआधी आपण वाचकाला काय विचारतो?

पानखूण (धागाकर्ती)

गेली अकरा वर्षे वाचलेल्या बहुतेक प्रत्येक पुस्तकाविषयी मी काही ना काही लिहीत आले आहे. सुरुवातीला चार ओळींच्या नोंदी होत्या, पुढे हजार-बाराशे शब्दांचे लेख झाले, आणि त्यांच्या जोडीने ‘हे अवश्य वाचा’ अशा शिफारशींचीही रास पडत गेली. त्यांपैकी एका शिफारशीमुळे हा धागा काढते आहे. ती चुकली होती आणि चूक माझी होती, म्हणून आधी तीच सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका वाचनगटात कोणीतरी लिहिले होते, ‘वडिलांना जाऊन तीन महिने झाले. काही वाचायला सुचवा.’ मी क्षणभरही थांबले नाही. वडिलांच्या अखेरच्या आजारपणावरची एक कादंबरी मला फार मोलाची वाटते. तिच्यावर मी सविस्तर परीक्षण लिहिले होते, पाच तारे दिले होते, आणि त्याच लेखाचा दुवा मी तिथे टाकला. त्याखाली इतरांचे ‘उत्तम निवड’ असे प्रतिसादही आले. चार महिन्यांनी त्या व्यक्तीचा खाजगी निरोप आला. तिने चाळीस पाने वाचली होती. पुढच्या पानावर नाकातल्या नळीवाटे वडिलांना अन्न भरवण्याचा प्रसंग आहे. मुलगा सिरिंज उंच धरून उभा असतो आणि आतला द्रव किती हळू उतरतो आहे ते पाहत राहतो. हेच काम तिने सहा आठवडे केले होते. तिने तिथेच पुस्तक मिटले, आणि पुढे कित्येक दिवस तिला कोणतेच पुस्तक हाती घेववले नाही. निरोपात तक्रारीचा सूर नव्हता. ‘मला मृत्यूपासून थोडे दूर नेणारे काहीतरी हवे होते, पण तसे मी लिहिले नव्हते,’ एवढेच तिने लिहिले होते.

तिने ते लिहायला हवे होते असे मला वाटत नाही. ते मी विचारायला हवे होते.

त्या कादंबरीबद्दलचे माझे मत आजही बदललेले नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट मला अधिक सलते. पुस्तक उत्तम होते, परीक्षण प्रामाणिक होते, हेतू चांगला होता, तरीही शिफारस चुकली. मराठीत या लेखनासाठी निरनिराळे शब्द आहेत आणि ते उगाच वेगळे नाहीत. पुस्तकात काय आहे ते परिचय सांगतो, त्याची गोडी कशी घ्यावी ते रसग्रहण दाखवते, परीक्षण त्याचे गुणदोष तोलते आणि समीक्षा त्याला परंपरेच्या व विचारांच्या पटावर ठेवून पाहते. आंतरजालावर आपण या चारही प्रकारांना सरसकट ‘रिव्ह्यू’ म्हणतो आणि त्याच रिव्ह्यूकडून शिफारशीचेही काम करून घेतो. पण शिफारस हा पाचवा प्रकार आहे, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एक विशिष्ट माणूस उभा असतो.

ग्रंथालयशास्त्रात हा फरक फार पूर्वी ओळखला गेला आहे. मूळचे गणिताचे अध्यापक असलेल्या शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे पुस्तकरूपाने मांडली. त्यांतले दुसरे सूत्र ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ असे आहे आणि तिसरे ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ असे. वरवर पाहता एकच वाक्य उलटे फिरवल्यासारखे वाटते, पण काम अगदी वेगळे आहे. परीक्षण लिहिणारा तिसऱ्या सूत्रासाठी राबत असतो, कारण पुस्तक त्याच्या हाती असते आणि वाचक कुठेतरी असतो. शिफारस करणाऱ्याच्या समोर वाचक असतो आणि त्याला पुस्तक शोधायचे असते. मी दुसऱ्या सूत्राच्या प्रश्नाला तिसऱ्या सूत्राचे तयार उत्तर दिले.

जाणकार ग्रंथपाल पुस्तकाचे नाव घेण्याआधी प्रश्न विचारतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असा असतो : अलीकडे तुम्हाला आवडलेले एखादे पुस्तक कोणते, आणि त्यातले काय आवडले? उत्तरातला पहिला भाग फारसा उपयोगी नसतो, दुसरा असतो. अमेरिकेतील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकात शिरण्याचे चार दरवाजे सांगितले आहेत : कथानक, पात्रे, स्थळकाळाचे वातावरण आणि भाषा. एकाच कादंबरीविषयी एक वाचक ‘पुढे काय होते या उत्सुकतेने खाली ठेववेना’ असे म्हणतो, तर दुसरा ‘त्या घरात मीच राहून आलो असे वाटले’ असे म्हणतो. दोघांनी पाच-पाच तारे दिले असले, तरी दोघांना पुढचे पुस्तक एकच सुचवले तर एकाचा विरस ठरलेला आहे.

तेव्हा मला आपल्या सर्वांकडून जाणून घ्यायचे आहे की पुस्तक सुचवताना आपण नेमके काय करता. तारे, सरासरी, इतरांची परीक्षणे यांवर आपला कितपत भरवसा आहे? आणि आपल्या परीक्षणात असे काय असते, ज्यामुळे वाचणाऱ्या अनोळखी माणसाला ‘हे माझ्यासाठी आहे की नाही’ हे स्वतःचे स्वतः ठरवता यावे?

समास

विषय अगत्याचा आहे, आणि ताऱ्यांविषयी मला बरेच दिवस लिहायचेच होते.

पहिला घोळ ताऱ्यांच्या अर्थापासूनच सुरू होतो. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर ताऱ्यांचे अर्थ ठरलेले आहेत. एक तारा म्हणजे ‘आवडले नाही’, दोन म्हणजे ‘ठीक होते’, तीन म्हणजे ‘आवडले’, चार म्हणजे ‘खूप आवडले’ आणि पाच म्हणजे ‘अप्रतिम’. म्हणजे तीन तारे ही पसंतीची पावती आहे. पण खरेदीच्या संकेतस्थळांवर तीन तारे मिळालेली वस्तू आपण टाळतो, आणि तोच चष्मा लावून पुस्तकाकडे पाहतो. काही वाचक लिहिलेल्या अर्थाप्रमाणे तारे देतात, काही सवयीप्रमाणे, आणि या दोन वेगळ्या मापांची मिळून एक सरासरी दोन दशांशांपर्यंत काढली जाते.

दुसरा प्रश्न असा की तारे देतो कोण? ज्याला पुस्तक मुळात आवडेल असे वाटले तोच ते उचलतो, आणि वाचून झाल्यावर ज्याला फार आवडले किंवा फार राग आला तोच बहुधा लिहायला बसतो. मधले वाचक गप्प राहतात. ॲमेझॉनवरील पुस्तकांच्या अभिप्रायांचा अभ्यास करून दोन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की सुरुवातीचे अभिप्राय बऱ्याचदा अधिक अनुकूल असतात, कारण आधी धावून घेणारे वाचक त्या लेखकाचे किंवा विषयाचे चाहते असतात, आणि पुढे वेगळ्या आवडीचे लोक येऊ लागले की सरासरी घसरते.

याहून बोलका अभ्यास २०१४ चा आहे. त्यात पुरस्कार मिळालेली आणि त्याच पुरस्कारांच्या अंतिम यादीत राहून गेलेली अशी एकूण ६४ पुस्तके घेऊन गुडरीड्सवरचे ३८,००० हून अधिक अभिप्राय तपासले होते. पुरस्कार जाहीर झाल्यानंतर विजेत्या पुस्तकांचे वाचक वाढले, पण त्यांचे तारे हुकलेल्या पुस्तकांच्या तुलनेत घसरले. पुस्तकातले एक अक्षरही बदललेले नव्हते. बदलले होते ते वाचक : आधी ‘हे माझ्या आवडीचे दिसते’ म्हणून येणारे होते, नंतर ‘पुरस्कार मिळाला आहे, वाचायला हवे’ म्हणून येणारे आले.

पानखूण यांच्या भाषेत सांगायचे तर पुस्तकाला त्याचा नसलेला वाचक मिळाला की तारे घसरतात. ताऱ्यांची सरासरी पुस्तक आणि ते उचलणारा जमाव यांच्यातल्या जुळणीचे मोजमाप असते. मी स्वतः गेल्या तीन वर्षांपासून तारे देणे थांबवले आहे. त्याऐवजी परीक्षणाच्या पहिल्या ओळीत मी हे पुस्तक का उचलले ते लिहितो. कोणी सुचवले, कोणत्या अपेक्षेने उघडले, किती बैठकींत संपवले, मध्ये सोडले होते का, एवढे सांगितले की वाचणाऱ्याला माझे मत कुठून आले आहे ते कळते.

उशिराचा वाचक

मी परीक्षणे लिहीत नाही, फक्त वाचतो, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने थोडे सांगतो. मी पाच ताऱ्यांचे अभिप्राय जवळजवळ उघडतच नाही, कारण आनंदी वाचक कारण क्वचित देतो. दोन आणि तीन ताऱ्यांचे मात्र आवर्जून वाचतो. नाराज वाचक कारण देतो, आणि त्याची नाराजी अनेकदा माझी आवड निघते. ‘कादंबरीत काही घडतच नाही, पन्नास पाने नुसते घराचे वर्णन आहे’ असे चिडून लिहिलेले वाचून मी घेतलेली किमान सहा पुस्तके आज माझ्या कपाटात आहेत आणि त्यांतली दोन मी दरवर्षी पुन्हा वाचतो. त्या चिडलेल्या वाचकांचा मी मनापासून ऋणी आहे, कारण त्यांनी पुस्तकात काय आहे ते नेमके सांगितले होते.

दुभाषी

मी अनुवाद करते, त्यामुळे अनुवादित पुस्तकांच्या अभिप्रायांविषयी थोडे विस्ताराने लिहू द्या. इथे पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये तिसरा माणूस असतो आणि तो बहुतेक अभिप्रायांतून नाहीसा झालेला असतो.

गुडरीड्ससारख्या ठिकाणी एका पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या, त्यात वेगवेगळ्या भाषांतले अनुवादही आले, एकाच ‘कृती’खाली जोडल्या जातात आणि तारे सर्वांचे मिळून दिसतात. मूळ भाषेतल्या लाखभर वाचकांनी दिलेली सरासरी मराठी अनुवादाच्या नावाखाली झळकते. अनुवाद उत्तम असो वा ढिसाळ, तो आकडा हलत नाही. अनुवादावर स्वतंत्र लिहिलेले पाच-सहा परिच्छेदच काय ते वाचकाच्या उपयोगी पडतात, आणि त्या परिच्छेदांत बहुधा एकच वाक्य असते : ‘अनुवाद ओघवता झाला आहे.’ हे वाक्य वाचले की मला वाईट वाटते. ते चूक असते असे नाही, पण त्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

‘आम्ही मूळ वाचलेले नाही, मग अनुवादाविषयी काय बोलणार?’ असे अनेक जण विचारतात. मूळ न वाचताही बरेच बोलता येते. एक उदाहरण देते. इंग्रजीत समोरच्या माणसासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत अनुवाद करताना प्रत्येक संवादात ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून एकाची निवड करावी लागते, आणि ती निवड म्हणजे त्या दोन माणसांच्या नात्याविषयी अनुवादकाने केलेले विधान असते. समजा, एका कादंबरीत दोन सहकारी दीडशे पानांपर्यंत एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत आहेत. एका रात्री मोठे भांडण होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतला एक सहज म्हणतो, ‘तू जेवलास का?’ मूळात त्या ओळीत काहीही बदललेले नसेल; मैत्री कोणत्या पानावर झाली हे अनुवादकाने ठरवले आहे. ते तुम्हाला जाणवले का? योग्य जागी झाले असे वाटले का? की तीच दोन माणसे एका प्रकरणात ‘तू’ आणि पुढच्या प्रकरणात पुन्हा ‘तुम्ही’ अशी कारणाशिवाय हेलकावे खात होती? हे मूळ न वाचलेला वाचकही सांगू शकतो, आणि असे एक निरीक्षण ‘ओघवता’ या शब्दापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते.

पात्रांच्या तोंडची भाषा वयानुसार आणि पेशानुसार बदलते का, तळटिपा वाचन अडवतात की सोपे करतात, वाक्ये कर्मणी प्रयोगात अवघडून बसली आहेत का, हेही पाहता येते. आणि कृपया अनुवादकाचे नाव लिहीत चला. शिफारस करतानाही लिहा, कारण गाजलेल्या पुस्तकांचे एकाहून अधिक अनुवाद उपलब्ध असतात आणि नुसते शीर्षक दिल्यास वाचकाच्या हाती भलताच अनुवाद पडतो.

आडवाट

मला धाग्याच्या मूळ भूमिकेशी थोडा मतभेद नोंदवायचा आहे. वाचकाला काय हवे ते विचारून त्याला तेच द्यायचे असे ठरवले तर तो आपल्या आवडीच्या कुंपणाबाहेर कधी पडणार? माझ्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे पुस्तक मला चुकून सुचवले गेले होते. मी प्रवासवर्णन मागितले होते, आणि सुचवणाऱ्याने शीर्षकावरून ते प्रवासवर्णन समजून एक कवितासंग्रह पुढे केला. मी तोवर कविता वाचत नव्हतो. त्या संग्रहानंतर वाचू लागलो. आधी कोणी मला चार प्रश्न विचारले असते, तर मी चारही उत्तरांत कविता नको असेच सांगितले असते. वाचकाला स्वतःला काय हवे ते ठाऊक असते, या गृहीतकावरच माझा विश्वास नाही.

शिवाय ज्या कादंबरीचा उल्लेख वर आला आहे, तीच कादंबरी दुःखात असलेल्या दुसऱ्या एखाद्या वाचकाला आधार देऊन गेली असती. एका अनुभवावरून इतके सावध होणे बरे नाही.

पानखूण

आडवाट, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला, म्हणून उत्तराला उशीर झाला. दुसऱ्या एखाद्याला त्याच पुस्तकाने आधार दिला असता हे मला मान्य आहे, आणि वाचकाला अनोळखी वाटेवर न्यावे हेही मान्य आहे. पण कविता नको असलेल्या माणसाच्या हाती कवितासंग्रह पडला तर फार तर तो दहा पाने वाचून बाजूला ठेवील. जखम ओली असलेल्या माणसाच्या हाती त्याच जखमेचे पुस्तक देणे ही वेगळी जोखीम आहे. ती घेऊ नये असे मी म्हणत नाही. ती घ्यायची की नाही हे वाचकाला ठरवता आले पाहिजे, आणि त्यासाठी पुस्तकात काय आहे ते त्याला आधी कळले पाहिजे. ‘यात आजारपणाचे अतिशय तपशीलवार वर्णन आहे’ हे एक वाक्य मी लिहिले असते, तर ती व्यक्ती कदाचित तरीही पुस्तकाकडे वळली असती, पण डोळे उघडे ठेवून.

इथे कोणी तरी रहस्यभेदाचा आक्षेप घेईल, म्हणून आधीच लिहिते. कथेचा शेवट आधी कळल्याने वाचनाचा आनंद कमी होतो का, यावर २०११ मध्ये १२ कथा घेऊन केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात शेवट ठाऊक असलेल्या वाचकांना कथा उलट किंचित अधिक आवडल्या होत्या. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांच्या प्रयोगात याच्या नेमके उलट आढळले. म्हणजे हा वाद मिटलेला नाही, आणि खुनी कोण हे सांगू नये असे मीही मानते. पण पुस्तकात काय घडते ते सांगणे आणि पुस्तक कशाशी भिडते ते सांगणे यांत अंतर आहे. स्टोरीग्राफसारख्या संकेतस्थळावर पुस्तकाचा भाव आणि गती यांबरोबर त्रासदायक ठरू शकणाऱ्या विषयांची सूचनाही वाचक नोंदवतात, आणि ज्याला ती नको असेल त्याने ती उघडू नये अशी सोय आहे. मला ही रीत मोठ्या सौजन्याची वाटते.

दुभाषी, ‘तू’ आणि ‘तुम्ही’चे उदाहरण वाचून मी माझी अनुवादित पुस्तकांवरची जुनी परीक्षणे चाळली. ‘ओघवता’ हा शब्द सतरा वेळा सापडला.

तळटीप

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, तो म्हणजे भेटीदाखल आलेल्या प्रती. मला प्रकाशकांकडून आणि लेखकांकडून पुस्तके येतात. प्रत कोठून आली हे परीक्षणात स्पष्ट लिहावे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते केवळ शिष्टाचार म्हणून नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातील संकेतस्थळावर एका तांत्रिक बिघाडामुळे निनावी अभिप्राय देणाऱ्यांची खरी नावे काही काळ दिसू लागली, तेव्हा काही लेखकांनी आपल्याच पुस्तकांची स्तुती लिहिल्याचे उघड झाले होते. डिसेंबर २०२३ मध्ये एका नवोदित लेखिकेने बनावट खाती काढून इतर नव्या लेखकांच्या पुस्तकांना गुडरीड्सवर एकेक तारा दिल्याचे बाहेर आले, आणि तिचे येऊ घातलेले पुस्तक प्रकाशकाने रद्द केले. अमेरिकेत बनावट अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला. भारतात भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढले.

पण नियमांच्या आवाक्यात न येणारा एक दबाव असतो आणि तो मला जास्त जाणवतो. ज्या भाषेत वाचक, लेखक आणि परीक्षक एकाच वर्तुळात वावरतात, तिथे लेखक आपले परीक्षण वाचतोच. एका लेखकाने मला कळवळून लिहिले होते की सहा वर्षांच्या मेहनतीवर तुम्ही चार परिच्छेदांत पाणी ओतलेत. ते पत्र वाचून मी रात्रभर झोपू शकलो नाही. सकाळी परीक्षण पुन्हा वाचले. दोन विशेषणे अनावश्यक होती, ती काढली. आक्षेप पृष्ठक्रमांकांसह दिलेले होते, ते तसेच ठेवले. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. लेखकासमोर बसून जे वाक्य मी उच्चारू शकणार नाही ते लिहायचे नाही, आणि जे उच्चारायला हवे पण संकोच वाटतो ते मात्र लिहायचेच.

कपाट

सगळे माणसांच्या शिफारशींविषयी बोलत आहेत, पण आज बहुतेक पुस्तके आपल्याला यंत्र सुचवते, त्याविषयीही लिहायला हवे. मी संगणक क्षेत्रात काम करतो, त्यामुळे ते आतून कसे चालते याची थोडी कल्पना आहे.

‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतले’ या शिफारशीमागे पुस्तकाचे आकलन नसते. एकाच ग्राहकाच्या यादीत कोणत्या दोन वस्तू वारंवार एकत्र येतात, एवढेच मोजलेले असते. अनेकांच्या पसंतीवरून एकाला निवडून देण्याच्या या पद्धतीला ‘कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग’ हे नाव मिळाले ते १९९२ मध्ये झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातल्या एका प्रयोगातून, आणि ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये आपली पद्धत शोधनिबंधात मांडली. लाखो खरेदीदार असतील तिथे ती आश्चर्यकारक चालते. पण जिथे पुस्तकामागे चारच नोंदी आहेत, तिथे तिच्याकडे मोजायलाच काही नसते. मराठी पुस्तकांचे असेच होते. त्यात एकाच लेखकाचे नाव कुठे आद्याक्षरांसह, कुठे पूर्ण, कुठे रोमन लिपीत आणि कुठे ह्रस्व-दीर्घाच्या फरकाने नोंदलेले असते, त्यामुळे आहेत त्या चार नोंदीही चार ठिकाणी विखुरतात. आपल्यापैकी कोणी पुस्तकाची नोंद करताना शीर्षक, लेखक, अनुवादक, प्रकाशनवर्ष आणि मलपृष्ठावरचा तेरा अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) नीट लिहिला, तर त्या एका नोंदीचा उपयोग पुढच्या प्रत्येक वाचकाला होतो. परीक्षण लिहायला वेळ नसेल त्यांनी निदान हे काम करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता लोक संभाषण करणाऱ्या यंत्रांनाही पुस्तके विचारतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील काही वृत्तपत्रांच्या पुरवणीत उन्हाळी वाचनाची एक यादी छापून आली. ती अशा यंत्राच्या मदतीने केलेली होती, आणि १५ पुस्तकांपैकी १० पुस्तके अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे होते, शीर्षके व कथासार काल्पनिक होते. यंत्राला विचारू नये असे मी म्हणणार नाही, परंतु त्याने सांगितलेले पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत सापडल्याखेरीज दुसऱ्याला सुचवू नये. स्वतः न वाचलेले पुस्तक सुचवायचेच असेल तर ‘मी वाचलेले नाही’ हे शब्द सोबत असावेत, मग ते नाव यंत्राकडून आलेले असो वा मित्राकडून.

उशिराचा वाचक

कपाट यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून एक विचारतो. अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर लिहावे का?

समास

लिहावे, फक्त कोणत्या पानावर सोडले ते सांगावे. पानखूण यांनी उल्लेखलेल्या नॅन्सी पर्ल यांचाच एक नियम आहे : पन्नास पाने वाचून पुस्तक धरत नसेल तर सोडावे, आणि वाचकाचे वय पन्नाशीपुढे गेले असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच पाने वाचावीत. सत्तरीच्या वाचकाला तीस पाने पुरेत. ‘तिसाव्या पानावर सोडले, कारण निवेदकाचा आवाज सहन होईना’ ही मला अतिशय उपयुक्त माहिती वाटते. सोडलेल्या पुस्तकाला तारा देणे मात्र अयोग्य आहे.

दुभाषी

पानखूणताई, तुमच्या त्या जुन्या परीक्षणाचे पुढे काय केले ते तुम्ही सांगितले नाही. काढून टाकले का?

पानखूण

काढले नाही. हा धागा सुरू करण्याआधी मी त्याच्या डोक्यावर एक परिच्छेद जोडला होता, आणि इथली चर्चा वाचून तो काल पुन्हा लिहिला. तारे काढून टाकले. नवा मजकूर असा आहे :

‘ही कादंबरी मी वडील हयात असताना, एका निवांत सुट्टीत, तीन बैठकींत वाचली. तिच्यात शिरण्याचा दरवाजा भाषेचा आहे. कथानक जवळजवळ नाही. मृत्यू पहिल्याच पानावर सांगितलेला आहे, त्यामुळे तो लपवण्याचे कारण नाही. पृष्ठ ४१ ते ५८ आणि पुढे अखेरचे प्रकरण यांत रुग्णाच्या शुश्रूषेचे बारकाईने केलेले वर्णन आहे : नळीतून भरवणे, कूस बदलणे, पाठीच्या जखमा धुणे. हे काम आपण नुकतेच केले असेल, तर ही पाने आपल्याला माझ्याहून फार वेगळी वाचावी लागतील. त्यांपूर्वीची चाळीस पाने मात्र वडील धडधाकट असतानाची आहेत, मुलाला पोहायला शिकवणाऱ्या माणसाची आहेत, आणि पुस्तक तिथे मिटून ठेवले तरी ती चाळीस पाने आपल्याजवळ राहतील.’

शेवटचे वाक्य माझे नाही. हा परिच्छेद मी त्या व्यक्तीला आधी वाचायला पाठवला होता, तेव्हा ते तिने जोडायला सांगितले.